घरात ॲलर्जी आणि दमा असेल तर: आधी काय, नंतर काय

घरातल्या कुणाला दमा किंवा ॲलर्जी असल्याचं कळलं की पहिला जोर लागतो तो साफसफाईवर. पडदे उतरतात, गालिचा गुंडाळून ठेवला जातो, खाण्यातले चार पदार्थ परस्पर बंद होतात, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची चौकशी सुरू होते. डॉक्टरांनी लिहून दिलेला रोजचा पंप मात्र ‘सवय लागेल’ म्हणून कपाटात पडून राहतो. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. आधी निदान पक्कं करा, मग औषध खरोखर छातीत पोहोचतंय ना ते पाहा, घराची झाडाझडती त्यानंतर. हा लेखही त्याच क्रमाने जातो.

पहिली पायरी: नीट बघा आणि लिहून ठेवा

ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा परागकण, धूळ, मांजराचा कोंडा अशा निरुपद्रवी गोष्टींना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवते. ही प्रतिपिंडं नाक, डोळे, त्वचा, श्वासनलिका इथल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तीच गोष्ट पुन्हा अंगाशी आली की या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात आणि शिंका, खाज, सूज सुरू होते. ॲलर्जीच्या दम्यात हाच प्रकार श्वासनलिकांमध्ये चालतो: आतलं अस्तर सुजतं, कफ वाढतो, भोवतीचे स्नायू आवळतात. सगळाच दमा ॲलर्जीचा नसतो, पण लहान मुलांमध्ये या दोघांची जोडी फार वेळा सापडते.

आईवडिलांकडून मुलांकडे येते ती प्रवृत्ती. कशाची ॲलर्जी होणार, हे काही ठरवून येत नाही. म्हणून एकाच घरात वडिलांना सकाळी उठल्याउठल्या शिंकांची सरबत्ती, मुलीच्या कोपराच्या खळगीत इसब आणि धाकट्याच्या छातीत घरघर, असं दिसू शकतं. एकाच मुलातही हे टप्प्याटप्प्याने येतं: तान्हेपणी इसब, मग एखाद्या पदार्थाची ॲलर्जी, पुढे वाहणारं नाक आणि दमा. प्रत्येकात सगळे टप्पे येतातच असं नाही, पण लहानपणी इसब झालेल्या मुलाचा रात्रीचा खोकला सहज सोडून देऊ नये.

दोन-तीन आठवडे एका वहीत नोंद ठेवा. त्रास कधी झाला, कुठे झाला, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ टिकला, कशाने थांबला. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेतला खोकला, खळखळून हसल्यावर येणारी उबळ, धावल्यानंतर काही मिनिटांनी भरून येणारी छाती, प्रत्येक सर्दी छातीत उतरून आठवडेच्या आठवडे रेंगाळणं, या सगळ्या नोंदी महत्त्वाच्या. दम्यात धाप लागलीच पाहिजे असं नाही. काहींना फक्त कोरडा खोकला येतो. त्रास चालू असताना मुलाचा शर्ट वर करून छाती-पोटाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पोर ठणठणीत होतं आणि डॉक्टरांना ऐकू येण्यासारखं काही उरत नाही. अशा वेळी तो व्हिडिओ फार कामाला येतो.

सर्दी की ॲलर्जी, हा प्रश्न बहुतेक वेळा घरीच सुटतो. सर्दीत अंग दुखतं, कधी ताप येतो, घसा खवखवतो आणि आठ-दहा दिवसांत प्रकरण मिटतं. ॲलर्जीत ताप नसतो, पाण्यासारखं नाक वाहतं, नाक-डोळे-टाळू खाजते आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. नाक सतत तळहाताने खालून वर चोळणाऱ्या मुलाच्या नाकावर, शेंड्याच्या थोडं वर, एक आडवी बारीक रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसर छाया येते आणि ‘झोप पुरत नाही वाटतं’ असं सगळे म्हणतात. झोप पुरत नसतेच. चोंदलेल्या नाकाने रात्रभर तोंड उघडं ठेवून कशी पुरणार?

दुसरी पायरी: चाचण्यांना प्रश्न विचारा

साधारण पाच-सहा वर्षांपासून पुढच्या मुलांची आणि मोठ्यांची स्पायरोमेट्री करता येते. यंत्रात जोरात फुंकायचं, मग श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध घेऊन पुन्हा फुंकायचं. दोन्हींतला फरक दम्याकडे बोट दाखवतो. एका दिवशी आकडे नॉर्मल आले म्हणून दमा नाही असं होत नाही, कारण हा आजार येतो-जातो. त्याहून लहान मुलांत निदान मुख्यतः तुमच्या नोंदींवर आणि औषधाचा उपयोग होतो का यावर ठरतं.

ॲलर्जीसाठी त्वचेवर थेंब टाकून हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुठे गांधी उठते ते मोजतात. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात; किती दिवस, ते वेळ घेतानाच विचारा, नाहीतर चक्कर फुकट जाते. रक्तातली आयजीई मोजण्यासाठी गोळ्या थांबवायची गरज नसते.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच, असं नाही. शरीराने त्या गोष्टीची दखल घेतली आहे, एवढंच ती सांगते. जो पदार्थ मूल रोज मजेत खातं, तो केवळ कागदावर खूण आली म्हणून बंद करू नका. उगाच बंद केल्याने पोषण तर जातंच, काही वेळा तो पदार्थ सोसण्याची शरीराची ताकदही जाते. आणि शेकडो पदार्थांसाठी आयजीजी या वेगळ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची तपासणी करून लांबलचक यादी हातात देणारी पॅकेजेस सरळ टाळा. आयजीजी वाढणं हे बहुधा तो पदार्थ खाण्यात आहे याचंच लक्षण असतं, ॲलर्जीचं नव्हे.

तिसरी पायरी: दोन पंप, दोन कामं

आराम देणारा पंप, म्हणजे बहुधा साल्ब्युटामॉल, आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. त्याचा असर चार-सहा तास राहतो. सुजेवर त्याचा काही उपयोग नाही. रोजचा पंप, ज्यात बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोनसारखं स्टेरॉइड असतं, तो सूज कमी करतो. तो घेतल्याबरोबर काही जाणवत नाही; फरक दिसायला आठवडा-दोन आठवडे आणि पूर्ण गुण यायला महिने लागतात. लोक नेमका पहिला पंप जवळ करतात आणि दुसरा सोडून देतात, कारण पहिल्याचा गुण लगेच कळतो.

जागतिक पातळीवर दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘जीना’ या संस्थेने 2019 पासून मोठ्यांसाठी आणि बारा वर्षांवरील मुलांसाठी नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. सूज आतल्या आत वाढत राहते, वरून मोकळं वाटतं आणि एक दिवस मोठा झटका येतो. दोनशे फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त आराम-पंप वर्षात संपत असतील, तर त्याचा अर्थ दमा ताब्यात नाही असा घ्यावा. आता बऱ्याच जणांना बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप दिला जातो. रोजही तोच आणि त्रास झाला तरी तोच.

स्टेरॉइडची भीती समजण्यासारखी आहे, पण मात्रा बघा. पंपातून एका वेळी साधारण 100 ते 200 मायक्रोग्रॅम औषध जातं. झटका आल्यावर दिली जाणारी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी 30-40 मिलिग्रॅमची असते. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. मुलांच्या उंचीवर परिणाम होतो का? थोडा होतो: नियमित घेणाऱ्या मुलांची शेवटची उंची सरासरी एखाद्या सेंटिमीटरने कमी भरते. हे लपवण्यासारखं नाही. पण ताब्यात नसलेला दमा वाढही खुंटवतो, शाळाही बुडवतो आणि क्वचित जीवही घेतो. पंपाची सवय लागत नाही. आजार दीर्घ चालणारा आहे म्हणून औषधही दीर्घ चालतं.

आता तंत्र. गुण न येण्याचं सगळ्यात मोठं कारण बरेचदा इथेच सापडतं. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारं पोकळ नळकांडं, हवाच, मोठ्यांनाही. चार वर्षांच्या आतल्या मुलांना त्याला मास्क जोडावा.

1. टोपण काढून पंप चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी माहितीपत्रकात दिले असतील तितके फवारे हवेत सोडा.
2. पंप स्पेसरला बसवा, ताठ बसा, श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा.
3. नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. मास्क असेल तर तो गालांना फट न राहता टेकला पाहिजे.
4. एकच फवारा मारा. लगेच सावकाश, खोल श्वास आत घ्या आणि दहा सेकंद रोखा. लहान मुलाने नेहमीसारखे पाच-सहा श्वास घेतले तरी पुरे.
5. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि हीच कृती करा.
6. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाका. मास्क लावला असेल तर चेहराही पुसा. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

फवारा मारल्यावर ओठांच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून पांढरा धूर बाहेर येताना दिसला, तर तो डोस गेला असं समजा. रडणाऱ्या मुलाला मास्क दाबून औषध देण्यातही काही अर्थ नाही; रडताना फारच थोडं औषध छातीपर्यंत जातं. झोपेत किंवा मांडीवर बसवून गोष्ट सांगता सांगता जमतं का पाहा. स्पेसर महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. फडक्याने घासला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं. पावडरचे पंप वेगळे असतात: त्यांना स्पेसर लागत नाही आणि श्वास जोरात ओढावा लागतो. दोन प्रकारचे पंप हातात असले की ही गफलत हमखास होते.

नेब्युलायझरच्या, म्हणजे औषधाचं धुकं करणाऱ्या यंत्राच्या, वाफेने जास्त गुण येतो ही समजूतही सोडून द्यायला हवी. अतिगंभीर झटका सोडला तर स्पेसरमधून नीट दिलेला पंप तितकाच चालतो आणि वेळही वाचतो. गरम पाण्याच्या भांड्यावर डोकं धरून घेतलेल्या वाफेने तर दमा बरा होत नाहीच, उलट मुलं भाजतात.

नाक विसरू नका

दमा असणाऱ्या बहुतेकांना नाकाचाही त्रास असतो, आणि नाक बेजार असेल तर छाती ताब्यात राहत नाही. ॲलर्जीच्या गोळ्यांत सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नव्या पिढीतल्या बऱ्या. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी झोप येते आणि मूल वर्गात पेंगतं. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये. कमी शोषली जाते. पाणीच बरं.

नाक सतत चोंदत असेल तर गोळीपेक्षा स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे जास्त उपयोगी. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. टोक मधल्या पडद्याकडे न करता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने. जोरात ओढू नका, नाहीतर सगळं घशात जातं. नाक तात्काळ उघडणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मात्र पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. बंद केले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्यातून सुटत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं.

माँटेल्युकास्टची गोळी बऱ्याच मुलांना दिली जाते. तिच्याबरोबर वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, वागण्यात बदल दिसला तर डॉक्टरांना लगेच सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये यासाठी सर्वांत ठळक इशारा छापायला लावला.

चौथी पायरी: घर, पण मोजकं

सगळं घर निर्जंतुक करण्याच्या नादाला लागू नका. ज्या गोष्टीची ॲलर्जी आहे तेवढ्यापुरतंच काम करा, आणि सुरुवात झोपायच्या खोलीपासून. दिवसाचा तिसरा हिस्सा नाक उशीत खुपसून तिथेच जातो.

धुळीतले माइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, जेमतेम पाव-एक मिलिमीटरचे जीव. ते आपल्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर जगतात आणि गादी, उशी, पांघरुणात राहतात. ॲलर्जी प्रामुख्याने त्यांच्या विष्ठेची असते. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात. म्हणून खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांचं जगणं अवघड होतं. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुवा; गार पाण्यात बरीचशी विष्ठा निघून जाते, पण माइट मरत नाहीत. गादी-उशीला चेनवाली घट्ट विणीची खोळ घाला. मऊ खेळणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिवसभर डीप फ्रीजरमध्ये ठेवली की माइट मरतात, नंतर धुवावी लागतात. कोरडं झाडण्याऐवजी ओलं पुसावं, आणि ज्याला त्रास आहे त्याने ते काम करू नये. पण खरं सांगायचं तर, यातली एकच गोष्ट करून दम्यात मोठा फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. तीन-चार गोष्टी एकत्र आणि सातत्याने केल्या तरच काही हाती लागतं.

बुरशीसाठी भिंत पुसणं हा तात्पुरता इलाज. गळका नळ किंवा ओल आधी बंद व्हायला हवी. झुरळांसाठी फवाऱ्यापेक्षा जेल बरं, कारण फवाऱ्याचा वासच छातीला लागतो. मांजराचा प्रश्न नाजूक. तिला दुसरीकडे दिलं तरी तिची ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिनं घरात कित्येक महिने टिकतात, तेव्हा आठवड्यात फरक पडला नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. द्यायचं नसेल तर निदान झोपायच्या खोलीत तिला बंदी.

घरात काहीही जाळू नये: सिगारेट, डासांच्या कॉइल, सुगंधी धूर, लाकूड. बाल्कनीत जाऊन ओढलेल्या सिगारेटचा अंश कपड्यांवरून, केसांवरून आत येतोच. माझ्या दृष्टीने हवा शुद्ध करणारं यंत्र घेण्यापेक्षा घरातल्या एकाने सिगारेट सोडणं कितीतरी वरचढ. यंत्र घ्यायचंच असेल तर अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचं, खोलीच्या मापाचं आणि ओझोन न सोडणारं घ्या.

परागकणांच्या दिवसांत बाहेरून आल्यावर कपडे बदलणं, केस धुणं, खिडक्या सकाळी बंद ठेवणं एवढं पुष्कळ. वादळी पावसाआधीचे वारे मात्र सोपे समजू नका. 21 नोव्हेंबर 2016 ला मेलबर्नमध्ये अशा एका वादळाने गवताचे परागकण फुटून त्यांचे बारीक कण हवेत पसरले, हजारो लोक श्वासासाठी रुग्णालयांत धावले आणि दहा जण दगावले. त्रास झालेल्यांपैकी अनेकांना आधी दम्याचं निदानच नव्हतं. फक्त शिंकांचा त्रास होता.

औषधांतले आणि खाण्यातले धोके

दमा असलेल्या काही मोठ्या माणसांना, विशेषतः नाकात पॉलिप (मऊ गाठी) असतील तर, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनने जोरदार झटका येतो. रक्तदाबाच्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्या आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही श्वासनलिका आवळतात. आजी-आजोबांच्या डोळ्यांच्या थेंबांचा छातीशी संबंध कुणी लावत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. गरोदरपणी पंप बंद करू नये. आईला श्वास अपुरा पडणं बाळाला औषधापेक्षा जास्त घातक.

दूध, अंडं, शेंगदाणे, सुकामेवा, मासे, कोळंबी-खेकडे, गहू, सोया, तीळ: बहुतेक गंभीर अन्न-ॲलर्जी यांतल्याच कशाची तरी निघते. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलट्या ही चिन्हं. त्यात आवाज बसला, श्वास अडकला, चक्कर आली तर ती ॲनाफिलॅक्सिस. इथे ॲलर्जीच्या गोळीची वाट पाहायची नाही. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, कपड्यांवरूनही चालतं, लगेच रुग्णवाहिका, माणसाला आडवं करून पाय वर. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका आणि चालवू नका. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर दुसरं इंजेक्शन. दमा असलेल्यांमध्ये अशी रिॲक्शन जास्त गंभीर होते.

पाचवी पायरी: झटका आला तर

हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि डॉक्टरांकडून त्यावर औषधाचं नाव व मात्रा घालून घ्या. रात्री तीन वाजता आठवून काही सुचत नाही.

1. ताठ बसवा, झोपवू नका. कपडे सैल करा. स्वतः शांत राहा.
2. आराम देणाऱ्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून, एकेक करून, प्रत्येकाला चार श्वास.
3. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार.
4. तरीही नसेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत हेच चालू ठेवा.

एक वाक्य पुरं बोलता येत नाही, बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर, मूल सुस्तावलं, तान्हं बाळ दूध ओढेना: यातलं काहीही दिसलं तर पायऱ्या मोजत बसू नका, आधी रुग्णवाहिका आणि सोबत पंप. शिट्टीसारखा आवाज अचानक थांबला आणि माणूस मात्र थकलेला दिसतोय, तर ते सुधारणं नव्हे. हवा आतबाहेर होणंच जवळजवळ थांबलेलं असतं. एकत्रित पंप वापरणाऱ्यांचे झटक्यातले आकडे वेगळे असतात, तेही लिहून घ्या.

या कागदाची एक प्रत शाळेत, एक सांभाळणाऱ्यांकडे, एक प्रवासाच्या बॅगेत. सोबत स्पेसर आणि मुदत न संपलेला पंप. डब्यावर फवाऱ्यांचा आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा. औषध संपल्यावरही डबा फुसफुसतो आणि भरलेला आहे असं वाटतं.

ताबा आहे की नाही, हे कसं ओळखायचं

महिन्यातून एकदा चार प्रश्न विचारा. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? दम्याने रात्री जाग आली का? आराम-पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? दम्यामुळे खेळणं किंवा काम टाळावं लागलं का? सहा वर्षांच्या आतल्या मुलांना यापेक्षा कडक निकष लावतात. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर ताबा पुरा नाही. मात्र औषध वाढवून मागण्याआधी डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा आणि किती डोस चुकले ते खरं सांगा.

सगळी उत्तरं सलग तीन महिने ‘नाही’ आली तर रोजची मात्रा कमी करण्याविषयी विचारता येतं. परीक्षा, प्रवास किंवा सर्दीची साथ चालू असताना ती कमी करू नये, आणि एकदम बंद तर नाहीच. एखाद्याच गोष्टीची ठळक ॲलर्जी असेल तर इम्युनोथेरपीचाही, म्हणजे शरीराला त्या गोष्टीची हळूहळू सवय लावण्याचाही, पर्याय आहे: इंजेक्शनं किंवा जिभेखालच्या गोळ्या, तीन ते पाच वर्षं. पण दमा ताब्यात नसताना ती सुरू करत नाहीत. आणि मोठा झटका येऊन गेला असेल, तर बरं वाटत असलं तरी दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जाऊन यायचं. पुढचा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या काही आठवड्यांत जास्त असतो.